वरवंट्याचा फोटो

१

मी आठ महिन्यांचा गरोदर होतो तेव्हाची ही गोष्ट. हसू नका, माझं कामच तसं आहे.

पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी बोरी अरब या आमच्या गावातल्या घरातून काम करतो. कुणी नवं अ‍ॅप काढलं की ते साध्यासुध्या माणसांना वापरता येतं का, हे आम्ही ऑनलाइन तपासून देतो. निवडलेल्या लोकांना एक लिंक जाते. ती उघडली की मोबाइलवर एकेक काम येतं: हे शोधा, ते दाबा, मनात काय आलं ते मोठ्यानं बोला. स्क्रीनवर काय घडलं आणि माणूस काय बोललं, दोन्हीचं रेकॉर्डिंग आमच्याकडे येतं. पण लिंक बाहेर जाण्याआधी आमच्यापैकीच कुणीतरी ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघायचं असतं. बटण दाबलं जातं का, मराठी अक्षरं तुटतात का, आवाज नीट येतो का. एकदा लिंक गेली की गेली, मग कपाळावर हात मारून उपयोग नसतो. हे करून बघणारं माणूस म्हणजे मी. आजवर मी साखरेचा आजार असलेला म्हातारा झालो आहे, ट्रॅक्टर घ्यायला निघालेला सरपंच झालो आहे, आणि त्या मे महिन्यात गरोदर बाई झालो होतो.

अ‍ॅप गरोदर बायकांसाठी होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या बऱ्याच बायका ते करून बघायला तयार झाल्या होत्या. सगळ्यांचे दिवस भरत आलेले. संध्याकाळी त्यांना लिंक जायची होती आणि माझी तपासणी दुपारी उरकायची होती.

योगायोग असा की माझी मोठी बहीण, वैष्णवीताई, तेव्हा बाळंतपणाला पुसदहून माहेरी आलेली होती. तिला माझ्या या धंद्याची भारी मजा वाटायची.

"काय व बाई, कितवा लागला तुले?" ती खालून ओरडायची.

"आठवा. तुह्यासंगच हाय मी."

"मंग जिना दमानं चढत जा. अन कैरी खावी वाटली तर सांगजो, लाजू नको."

आईला मात्र हे आवडत नसे. "असल्या गोष्टीची मस्करी करू नाई रे बाप्पा," एवढंच म्हणून ती आत निघून जायची. तिचंही बरोबर होतं. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात ताईचं एक गेलं होतं. त्याला ना नाव, ना बारसं. दवाखान्यातून ताई घरी आली आणि त्यानंतर त्याबद्दल आमच्या घरात कुणी एक शब्द काढला नाही. या वेळी आई डोळ्यांत तेल घालून होती. तिनं बाळासाठी एक टोपडंसुद्धा आणू दिलं नव्हतं. आम्हा दोघांचा जुना लाकडी पाळणा वर माळ्यावर पोत्यात बांधलेला होता. तो मूल घरात आल्याशिवाय खाली उतरणार नाही, असं तिनं बजावून ठेवलं होतं.

तपासणीच्या सुरुवातीला माहिती भरायची असते. नाव, कितवा महिना, डॉक्टरांनी दिलेली तारीख. नियम असा की सगळं खोटं भरायचं. मला त्या उकाड्यात खोट्या तारखा जुळवत बसायचा कंटाळा आला. मी ताईचं नाव लिहिलं, ताईचा महिना लिहिला, ताईची तारीख लिहिली. स्क्रीनवर वरच्या बाजूला गुलाबी अक्षरांत आलं: 'नमस्कार वैष्णवी, तुमचं बाळ लवकरच येणार!'

२

पहिली कामं सरळ होती. गोळ्यांची आठवण लावा, जवळचा दवाखाना शोधा. मग एक पान आलं, 'बाळाच्या स्वागताची तयारी'. त्यावर पाळण्याचं चित्र होतं. निळा पाळणा, दोन्हीकडून दोऱ्या, आत पांढरं अंथरूण. खाली लिहिलं होतं: 'पाळण्याला बोटानं झोका द्या.'

पाळणा रिकामा होता.

मी मोठ्यानं हसलो. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाचं पोट दुखतं, हे आपल्याकडे पोराला चालता येण्याआधी कळतं. लहानपणी मी एकदा मामाच्या घरी रिकाम्या पाळण्याला झोका दिला तर तीन बायका तीन दिशांनी धावून आल्या होत्या. आणि इथे कुणीतरी दूर देशी बसून हे गोजिरवाणं चित्र काढलं होतं आणि दिवस भरत आलेल्या बायकांना सांगत होतं, द्या झोका. आमच्याकडची एक बाई त्याला बोट लावणार नाही, हे नाहिदला सांगायचं मी मनात ठरवलं. नाहिद म्हणजे आमच्या कामाची प्रमुख. मूळची आमच्या शेजारच्या दारव्ह्याची, मला ही नोकरी तिनंच लावून दिली.

पण झोका दिल्याशिवाय पुढचं बटण येत नव्हतं, आणि मला तर शेवटपर्यंत जायचं होतं. चित्रच तर आहे, असं म्हणून मी बोट लावलं. पाळणा हलका होता, टिचकी मारल्यासारखा उडाला आणि डोलत राहिला. मी चार-सहा झोके दिले, बटण आलं, पुढे गेलो, तपासणी संपवली. मग नेहमीप्रमाणे कानात इअरफोन घालून रेकॉर्डिंग ऐकायला बसलो.

माझा आवाज स्वच्छ होता. मागे कूलरची घरघर होती. पाळण्याचं पान आलं तसा त्या घरघरीखाली आणखी एक आवाज सुरू झाला. कर्र. मग थोडं थांबून परत कर्र. लोखंडाच्या कडीत दोर घासल्याचा आवाज. चित्रातला पाळणा या टोकाला गेला की एकदा, त्या टोकाला गेला की एकदा. पान संपलं, आवाज संपला.

कूलरचा पंखा घासत असेल, असं मी म्हणालो. अगदी मोठ्यानं म्हणालो. मग उठून कूलर बंद केला, खिडकी लावली आणि सगळी तपासणी परत केली. खोली इतकी शांत होती की घामाचा थेंब टेबलावर पडलेला ऐकू आला असता. झोके देताना मी कान देऊन बसलो. काही नाही. रेकॉर्डिंग लावलं. कर्र. कर्र. या वेळी तर त्याच्याशिवाय दुसरा आवाजच नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मला थोडा वेळ लागला. या वेळी आवाज जास्त सावकाश होता. ज्या घरात लहान मूल असतं तिथल्या माणसाला रिकाम्या झोक्यातला आणि भरल्या झोक्यातला फरक सांगावा लागत नाही.

३

मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे. भूतबाधा मी मानत नाही, फक्त अंधाराला घाबरतो, आणि तेव्हा तर बाहेर उन्हानं डोळे दिपत होते. मी सरळ नाहिदला फोन लावला.

"त्या पाळण्याच्या पानावर आवाज टाकला हाय का त्यायनं? कडी वाजल्यासारखा?"

"नाही रे. गाणं टाकणार होते, तेपन राह्यलं. अख्खं डिझाइन मुकं हाय. काहून?"

मी तिला रेकॉर्डिंगचा तुकडा पाठवला. तिनं ऐकला.

"अमर, तुमच्या घरी कोनी झुला घेऊन राह्यलं का?"

"आमच्या घरी झुलाच नाही."

"मंग शेजारी असंल. माइकले काय, गल्लीतलं कुत्रंबी ऐकू येते." मग ती नेहमीच्या आवाजात आली. "अन एक सांगू? रिकामा पाळणा ठेवला यार त्यायनं! माही अम्मी असती तर मोबाइलच फोडला असता. थे बदलावं लागते. तू चित्र बदलून देशील का? परवानगीचं काम माह्याकडं. संध्याकाळच्या आत पाह्यजे."

बदलून देतो म्हणालो आणि फोन ठेवला. खरं तर मला हायसं वाटलं होतं. तिनंही आवाज ऐकला होता, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं. मग वाटलं, तिनंही ऐकला होता, हे काही फार बरं नाही.

पाणी प्यायला मी खाली आलो.

आमच्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे, त्यावर माझी खोली. मधली खोली अजून कवेलूचीच, म्हणजे कौलांचीच आहे, सागाच्या आडव्या नाटेची, तुळईची. त्या नाटेत एक लोखंडी कडी आहे. मी आणि ताई, आम्ही दोघं त्याच कडीला टांगलेल्या पाळण्यात वाढलो. आता तिला काहीच टांगलेलं नसतं. त्या कडीच्या बरोबर खाली, थंडाव्यासाठी, आईनं ताईची खाट टाकली होती.

ताई झोपली होती. अंगावर पांढरी चादर, पोटाचा उंचवटा. त्या उंचवट्यावर तांबूस भुकटी पडली होती. मी बोटानं उचलून पाहिली. गंज होता. वर पाहिलं तर कडी स्थिर होती, पण तिचा खालचा अर्धा भाग चकचकीत दिसत होता, वापरातल्या कडीसारखा.

पाल फिरली असेल. पालीनं कडी घासून चकचकीत होते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

"अम्या," ताईनं डोळे न उघडताच हाक मारली. "आईले बोलाव न जरा."

"काहून? काय झालं?"

"काही नाही. सकायी तर भल्लं नाचत होतं. जेवन झाल्यापासून हललंच नाही."

४

आई अंगणातल्या सावलीत शेवया वाळत घालत होती. ताईचं बोलणं ऐकल्यावर तिनं हात धुतले, गूळपाणी केलं, ताईला पाजलं आणि डाव्या कुशीवर झोपवलं. "झोपलं असंल. उनानं पोट्टं बी सुस्तावते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पण गुळाचा डबा तिनं उघडाच ठेवला होता, आणि माझी आई गुळाचा डबा कधी उघडा ठेवत नाही. बाबांनी, म्हणजे किसनरावांनी, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाले, "मी मोहिउद्दीनची गाडी पाह्यतो. दारव्ह्याले दाखवून आनू." मोहिउद्दीनचं गॅरेज गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

मी ताईच्या पायाशी बसलो. ती पोटावर हात ठेवून वाट पाहत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, भीतीच्या आधीचं काहीतरी होतं. मागच्या वर्षी तिनं असाच हात ठेवला असेल का, असं माझ्या मनात आलं आणि मला तिथे बसवेना. मोबाइल वर राहिला होता. तो आणायला मी जिना चढलो.

चित्र बदलायचं म्हणून पाळण्याचं पान मी परत उघडलं होतं आणि तसंच टाकून खाली गेलो होतो. कोपऱ्यातला लाल ठिपका लुकलुकत होता, म्हणजे रेकॉर्डिंग चालू होतं. वर गुलाबी अक्षरांत ताईचं नाव होतं. खाली पाळणा झुलत होता.

कुणाचं बोट नव्हतं. झोका सावकाश होता, एका लयीत, आणि दोऱ्या ताठ होत्या. मघाशी त्या चित्रात सैल होत्या, मी शपथेवर सांगतो. आता त्यांना खालून ओढ होती.

बिघाड, मी म्हणालो. चित्र अडकलंय. असं होतं, आम्ही रोज असे बिघाड शोधतो. मी बोटानं पाळणा थांबवायला गेलो. पाळणा थांबला नाही, माझ्या बोटाखालून सावकाश, जड, पुढे निघून गेला. परत आला. परत गेला. मी मोबाइल हातात धरून उभा होतो आणि माझं मनगट त्या झोक्याबरोबर किंचित ओढलं जात होतं.

मग आतल्या पांढऱ्या अंथरुणाची कड आतून उचलली गेली. इतकीच, बोटभर. आणि खाली बसली.

मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

५

सोपा उपाय समोर होता. ते पान काढून टाकायचं. माझ्याकडे तो अधिकार होता, एक बटण दाबायचं काम. मी लॅपटॉपवर पान उघडलं, 'काढून टाका' या बटणावर आलो आणि हात मागे घेतला. आत काही असेल तर? हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं स्पष्ट आलं की मी खुर्चीवरून उठलोच. वर ताईचं नाव लिहिलेलं. ताईचा महिना, ताईची तारीख. आणि मी काढून टाका म्हणणार होतो.

पान बंद करावंसं वाटेना आणि चालू ठेवण्याची हिंमत होईना. पाळणा झुलता ठेवून उठायचं नसतं, एवढं मात्र कळत होतं. खालून आईचा आवाज येत होता, ती ताईशी काहीतरी इकडचं तिकडचं बोलत होती, शेवयांबद्दल. गाडीचा आवाज अजून येत नव्हता.

काय सुचलं ते कसं सुचलं, मला सांगता येणार नाही. मला आमच्या गल्लीतली बारशी आठवली. बाळाला पाळण्यात ठेवण्याआधी बायका वरवंटा धुऊन, दुपट्यात गुंडाळून, टोपडं घालून पाळण्यात निजवतात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणत तो पाळण्याखालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो. पाळण्यात पहिला दगड झोपतो, मग मूल. लहानपणी आम्ही त्या दगडाच्या बाळाला खूप हसायचो.

मी जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत खाली आलो.

"आई, वरवंटा कुठी हाय?"

"पाट्यापाशी. काहून?"

"फोटो काढाचा हाय. कामासाठी. पाळण्यात ठेवासाठी."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडणार. ती उठली, वरवंटा पाण्याखाली धुतला, पदरानं पुसला. माझ्या जन्माच्या वेळचं एक जुनं, मऊ दुपटं ट्रंकेतून काढलं आणि त्यात त्याला असा गुंडाळला की फक्त वरचं गोल टोक उघडं राहिलं. "काढ," ती म्हणाली. मी फोटो काढला. वरवंटा तिनं तसाच, गुंडाळलेला, मधल्या खोलीतल्या कोनाड्यात निजवला आणि ताईपाशी जाऊन बसली.

वर आलो. पाळणा चालूच होता. चित्रावर चित्र ठेवायची सोय आम्हाला असते. मी फोटोतला वरवंटा कापून घेतला, कडा वाकड्यातिकड्या आल्या, आणि तो पाळण्यातल्या पांढऱ्या अंथरुणावर ठेवला. अगदी हळू ठेवला. लॅपटॉपवर चित्र हळू ठेवता येत नाही हे मला माहीत आहे, तरी मी हळूच ठेवला.

पाळणा दोन झोके गेला. मग अर्धा. मग थांबला.

मी 'जतन करा' दाबलं, आणि त्याच क्षणी खालून ताई किंचाळली.

६

"आई गं! लाथ मारली! आई, केवढी मारली!"

मी जिन्यातच बसलो. खाली ताई हसत होती आणि रडत होती, आई "मारू दे, मारू दे, माय" म्हणत तिच्या पोटावरून हात फिरवत होती. मी तसाच बसून रडलो, अगदी नाक वाहीपर्यंत. मग शर्टाला तोंड पुसून खाली गेलो, तर ताईनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून टुणकन धक्का बसला.

"पाह्य. तुह्यासारखं हाय, दुपारी झोपते अन मंग कामाले लागते."

तेवढ्यात गाडी आली. बाबा म्हणाले, आता आणलीच आहे तर दाखवून येऊ. दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. त्या छोट्याशा खोलीत बाळाचे ठोके घुमले, धावत सुटलेल्या वासरासारखे. बाबा बाहेर उभे होते, त्यांना दारातून ऐकू आले. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि मोहिउद्दीनला चहा पाजायला घेऊन गेले. "काही नाही, उन्हाचा त्रास. पाणी भरपूर प्या," बाई म्हणाल्या. इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. येताना ताईनं उसाचा रस मागितला. सगळ्यांनी घेतला, मी दोन घेतले. गरोदर बाईला चालतं, ताई म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आईनं कोनाड्यातला वरवंटा उचलला, दुपटं सोडलं आणि थांबली.

"अमर, तू याच्यावर पानी सांडलं?"

"मी हातबी नाही लावला."

दुपटं मधोमध ओलं होतं. वाटीएवढा ओला डाग, कडा कोरड्या. वरवंटा तिनं पुसून गुंडाळला होता आणि तो मे महिन्याच्या उकाड्यात दुपारभर कोनाड्यात पडून होता. आईनं ते दुपटं नाकाजवळ नेलं. मग न्हाणीत गेली, साबण लावून धुतलं, पिळलं आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातलं. लहान मुलाचं दुपटं वाळत घालतात तसं, झटकून, दोन्ही टोकं सारखी करून.

७

चित्र लिंक जाण्याआधी बदललं गेलं. नाहिदनं परवानगी काढली होती. त्या चित्रकारानं पाळण्यात एक गुटगुटीत, गाढ झोपलेलं बाळ काढून पाठवलं आणि मी ते वरवंट्याच्या जागी ठेवलं. अजिबात घाई केली नाही. आधीची माझी सगळी रेकॉर्डिंग पुसली, ताईचं नाव खोडून तिथे माझं स्वतःचं टाकलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत परत करून बघितलं. इअरफोन घालून शेवटपर्यंत ऐकलं. माझा आवाज, कूलर, आणि खाली आईचं ताईला रागावणं. दुसरं काही नाही.

"अमर, काय झालतं रे दुपारी?" नाहिदनं विचारलं.

"काही नाही. पाळण्यात बिघाड होता."

"बरं झालं, लिंक जाण्याआधी सापडला. इतक्या साऱ्या बाया रिकामा पाळणा हलवत बसल्या असत्या." ती हे हसत म्हणाली. मी हसलो नाही. आपल्या जिल्ह्यातली ती सगळी घरं माझ्या डोळ्यांसमोर आली, सगळ्या कड्या.

लिंक गेली. दोन दिवसांत रेकॉर्डिंग यायला लागली. पाळण्याच्या पानावर बायका खुशीत होत्या. राळेगावकडची एक बाई झोका देता देता शेजारणीला दटावत होती, "हळू बोल न व, झोपलं हाय थे." मी ते दहादा ऐकलं. आमच्या धंद्यात म्हणतात तसं काम फत्ते झालं होतं.

८

ताईला मुलगी झाली. आजोळच्या सगळ्यांसारखी सावळी, आणि आवाज असा की मोहिउद्दीनच्या गॅरेजपर्यंत जावा. आता आईनं पाळणा माळ्यावरून काढू दिला. बाबांनी तो पुसून, तेल लावून नाटेच्या कडीला टांगला. कडी चकचकीत कशी, हे त्यांनी विचारलं नाही.

बारशाला गल्लीतल्या बायका जमल्या. घर माणसांनी, घुगऱ्यांनी आणि गोंगाटानं भरलं होतं. आईनं वरवंटा धुतला आणि त्याच जुन्या दुपट्यात गुंडाळला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, हसणं-खिदळणं झालं, वरवंटा पाळण्यात ठेवला गेला. हा सगळा दोन मिनिटांचा खेळ असतो. एकीनं तो लगेच उचलायला हात पुढे केला, ताई मुलीला घेऊन उभीच होती.

"थांबा," आई म्हणाली. तिनं मुलीला ताईच्या हातातून आपल्याकडे घेतलं. "वैशू, आधी त्याले झोका दे."

"आई, दगडाले?"

"दे. तो आधी आलता."

ताई आईकडे बघत राहिली. वरवंटा उचलायला पुढे आलेला हात मागे गेला, सगळ्यांना मागचं वर्ष ठाऊक होतं. मग ताई पुढे झाली, पाळण्याची दोरी धरली आणि झोका दिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात स्थिर होता. कर्र, कडी वाजली. थोडं थांबून, परत. तो आवाज मी ओळखला. या वेळी मला त्याची भीती वाटली नाही.

कुणी घाई केली नाही. झोके आपोआप लहान होत गेले आणि पाळणा थांबला. "झोपलं," ताई हळूच म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. आईनं मुलीला ताईकडे दिलं, पाळण्यावर वाकली आणि वरवंटा उचलला. एक हात तिनं दुपट्याखाली घातला आणि दुसरा, अगदी सवयीनं, त्या गोल टोकाखाली, मानेला आधार द्यायला.

मग ताईनं मुलीला पाळण्यात ठेवलं. ठेवल्या ठेवल्या पोरीनं असं भोकाड पसरलं की सगळं घर हसायला लागलं.